‘तेनेर’ म्हणजे ‘धर’: स्पॅनिशपासून एस्पेरांतोपर्यंत एका क्रियापदाच्या या चुका टाळा

माद्रिदमध्ये कुणी ‘तेंगो उन कोचे’ म्हणालं, तर त्याच्याकडे गाडी आहे, एवढंच समजायचं. गाडी कुठे उभी आहे, याच्याशी त्या वाक्याचा संबंध नाही. हेच ‘तेंगो’ मिलानमध्ये ‘तेंगो ला माक्किना इन गाराज’ असं कानावर पडलं, तर बोलणारा सांगतो आहे, की तो गाडी गॅरेजमध्ये ठेवतो. पॅरिसला पोचेपर्यंत त्याचं ‘झ त्यँ’ होतं आणि अर्थ होतो ‘मी धरलं आहे’. एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली भाषा बोलणारा ‘मी तेनास’ म्हणतो, तेव्हा वस्तू खरोखरच त्याच्या हातात असते. (एस्पेरांतोतलं ‘मी’ म्हणजे आपलंच ‘मी’ बरं का. उच्चारही तोच, अर्थही तोच.)

या सगळ्यांचं मूळ लॅटिनमधलं ‘तेनेरे’. माझ्याकडे स्पॅनिश शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या वह्या तपासताना सगळ्यात जास्त लाल खुणा याच एका क्रियापदावर होतात. त्यातल्या कुणी पुढे पोर्तुगीज किंवा इटालियन घेतलं, तर त्याच चुका नव्या रूपात परत येतात. यात मुलांची बुद्धी कमी पडत नाही. मराठीत ज्या कामाला एक वेगळं क्रियापद लागतच नाही, ते काम करणारं क्रियापद आपण शिकत असतो, आणि ते सात-आठ भाषांत सात-आठ तऱ्हेने वागतं. उच्चार देवनागरीत जितके जवळ नेता येतात तितकेच खाली दिले आहेत. नेमका सूर कानाने पकडावा लागेल.

आधी मूळ, कारण पुढचं सगळं त्याला लटकलेलं आहे. ‘तेनेरे’ म्हणजे धरणे, हातात पकडून ठेवणे. ज्या मूळ धातूपासून ते आलं, त्यातूनच संस्कृतचा ‘तन्’ म्हणजे ताणणे हा धातू आला. म्हणजे आपला ताण, तंतू आणि गवयाची तान ही सगळी या क्रियापदाची दूरची भावंडं. दोरी ताणून धरली की हाताला जे जाणवतं, तिथून हा शब्द निघाला. पुढे प्रत्येक भाषेने ही मूठ कमी-जास्त सैल केली. कुठे ती अजून घट्ट आहे, तर कुठे पूर्ण उघडली आहे आणि वस्तू हातात नसली तरी चालते. तुम्ही जी भाषा शिकता आहात, तिच्यात मूठ किती उघडली आहे, हे कळलं की निम्म्या चुका आपोआप थांबतात.

‘आहे’ शोधत बसण्याची चूक

पहिल्या महिन्यातली हमखास सापडणारी वाक्यं: ‘सोय आम्ब्रे’, ‘एस्तोय आम्ब्रे’. मुलांच्या मनात ‘मला भूक लागली आहे’ असतं. त्यातलं ‘आहे’ उचलून त्याच्या जागी स्पॅनिशचं ‘असणे’ बसवलं जातं, आणि मग ‘मी भूक आहे’ असं काहीतरी तयार होतं. बरोबर वाक्य ‘तेंगो आम्ब्रे’. भूक, तहान, झोप, भीती, घाई, थंडी या सगळ्या गोष्टी स्पॅनिश माणूस ‘धरून’ असतो. वयसुद्धा: ‘तेंगो बेइंते आन्योस’, माझ्यापाशी वीस वर्षं आहेत. इंग्रजीच्या वळणाने ‘सोय बेइंते आन्योस’ लिहिणारे पुष्कळ, आणि ‘मी वीस वर्षांचा आहे’ या मराठी वाक्याने त्या चुकीला आणखी खतपाणी मिळतं. ‘आन्योस’मधला ‘न्य’ मात्र स्पष्ट म्हणा. नुसतं ‘आनोस’ म्हटलं, तर तो शरीराच्या भलत्याच भागाचा शब्द होतो.

याच ओघात दुसरी चूक येते. आपलं ‘खूप’ सगळीकडे चालतं: खूप भूक, खूप गार, खूप हळू. स्पॅनिशमध्ये ‘आम्ब्रे’ हे नाम, म्हणून ‘मुय आम्ब्रे’ होत नाही, ‘मूचा आम्ब्रे’ होतं. थंडीच्या बाबतीत तर मराठीचा आधारच घ्यावा, कारण आपल्याकडेही तीन वेगळी वाक्यं आहेत. ‘थंडी आहे’ ला ‘आसे फ्रीओ’. ‘मला थंडी वाजते आहे’ ला ‘तेंगो फ्रीओ’. ‘सूप गार आहे’ ला ‘ला सोपा एस्ता फ्रीआ’. मराठीत तुम्ही ‘मी थंडी आहे’ कधीच म्हणत नाही, मग स्पॅनिशमध्ये तरी ‘सोय फ्रीओ’ का म्हणायचं? त्याचा अर्थ ‘मी भावनाशून्य माणूस आहे’ असा लागतो.

इथे एक गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगते, कारण ती ऐकली की मुलांचे चेहरे खुलतात. आपली ‘मला दोन भाऊ आहेत’ ही रचना काही मागासलेली किंवा विचित्र नाही. खुद्द लॅटिनमध्ये ती होती. ‘मिही एस्त लिबेर’, शब्दशः ‘मला पुस्तक आहे’. ‘मिही’ म्हणजे ‘मला’, चतुर्थीच. शेजारी ‘हाबेरे’ हे क्रियापदही ताब्यासाठी वापरलं जाई, आणि पुढच्या बहुतेक लेकी-भाषांनी त्याचीच वाट धरली. रुमानियनने मात्र जुनी वाट भुकेसारख्या गोष्टींपुरती जपली आहे: ‘म्ये फ्वामे’, मला भूक आहे. थंडी, तहान, भीती आणि कुणाची तरी ओढ, सगळं याच घडणीत. मराठी माणसाने रुमानियन शिकायला घेतली, तर या एका कोपऱ्यात त्याला अगदी घरी आल्यासारखं वाटेल. फक्त वयाच्या वेळी ती भाषा इतरांसारखीच वागते आणि ‘आम’ म्हणजे ‘माझ्याकडे आहेत’ असं म्हणून वर्षं मोजते. ते ‘आम’ मात्र ‘हाबेरे’च्या घरातलं आहे. रुमानियनमध्ये ‘तेनेरे’चं रूप ‘आ त्सिने’, आणि त्याचा अर्थ धरणे, टिकणे. ‘त्सिने मिंते’ म्हणजे ध्यानात धर. ‘त्सिन ला तिने’ म्हणजे तू मला प्रिय आहेस.

चेहरा तोच, माणूस वेगळा

ही चूक एक भाषा आल्यावर दुसरी शिकणाऱ्यांची. जितकं जास्त येतं तितकी ती जास्त होते, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

स्पॅनिशमधलं ‘मी’चं रूप ‘तेंगो’. इटालियनमधलंही ‘तेंगो’. अक्षरांत काडीचा फरक नाही. स्पॅनिश आलेली मुलगी इटालियनच्या वर्गात हात वर करून ‘तेंगो उना दोमांदा’ म्हणते, म्हणजे ‘माझा एक प्रश्न आहे’. प्रमाण इटालियनमध्ये तिथे ‘ओ उना दोमांदा’ हवं. ते ‘ओ’ म्हणजे ‘हाबेरे’पासून आलेल्या ‘आवेरे’चं रूप. तिचे दोन भाऊ, तिची भूक, तिची वीस वर्षं, सगळं ‘ओ’नेच. ‘तेनेरे’ इटालियनमध्ये हातात धरणे, ठेवणे, राखणे यासाठी. ‘ची तेंगो’ म्हणजे ‘ते माझ्यासाठी महत्त्वाचं आहे’, मनाने धरून ठेवलेलं.

गुंता असा, की इटलीच्या दक्षिणेला गेलात तर हा नियम सैल होतो. नापोलीच्या (म्हणजे नेपल्सच्या) बोलीत ‘तेने’ हेच ताब्याचं क्रियापद, आणि ‘तेंगो फाम्म’ म्हणजे सरळ ‘मला भूक लागली आहे’. त्यामुळे दक्षिणेकडच्या माणसाच्या बोलण्यातून तुमच्या स्पॅनिश कानाला चुकीची खात्री मिळू शकते. परीक्षेत आणि पत्रव्यवहारात उत्तरेची, पुस्तकातली पद्धतच ठेवा.

फ्रेंचचं ‘तनीर’ याहून घट्ट मुठीचं. ‘झ त्यँ द्यो फ्रेर’ असं कुणी म्हणालं, तर ऐकणाऱ्याला दोन भावांचे दंड पकडून उभा असलेला माणूस दिसेल. हवं ते वाक्य ‘झे द्यो फ्रेर’. पण ‘तनीर’ला नुसतं ‘धरणे’ म्हणून सोडून देऊ नका, कारण पुढे कोणता शब्द लागतो त्यावर त्याचा रंग बदलतो. ‘झ त्यँ आ त्वा’, मी तुझ्यात गुंतलो आहे. ‘झ त्यँ आ पेये’, पैसे मीच देणार, माझा आग्रह आहे. ‘एल त्यँ द सा मेर’, ती आईच्या वळणावर गेली आहे. दुकान चालवणं, शब्द पाळणं, तग धरणं, सगळीकडे ‘तनीर’. आपल्या ‘धरणे’चे वाक्प्रचार आठवून बघा: आग्रह धरणे, तग धरणे, अबोला धरणे, भरवसा धरणे. ‘तनीर’ला मराठी मनात जागा द्यायची असेल, तर ‘धरणे’ याच खोलीत द्या, ‘असणे’च्या खोलीत नको.

फ्रेंचमधली एक म्हण या दोन क्रियापदांना शेजारी बसवते: ‘अँ त्यँ वो म्यो क द्यो त्यु लोरा’. एक ‘हे घे’ हे दोन ‘तुला मिळेल’पेक्षा बरं. हातात पडलेल्यासाठी ‘तनीर’, पुढे केव्हातरी मिळणाऱ्यासाठी ‘आव्वार’. आपण ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’ म्हणतो, तीच गोष्ट. ही एक म्हण पाठ केली, तर फ्रेंचमध्ये या दोन क्रियापदांची गल्लत बरीच कमी होते, हा माझा अनुभव आहे.

कातालान भाषेत गंमत उलटी. तिथल्या क्रियापदाचं स्पेलिंग फ्रेंचशी अक्षर न् अक्षर जुळतं, पण अर्थ स्पॅनिशचा. बार्सिलोनातल्या पाटीवर किंवा वर्तमानपत्रात ते दिसलं, तर ‘धरणे’ असं वाचू नका. ‘तिंक दोस झर्मान्स’, मला दोन भाऊ आहेत. स्पेलिंग पॅरिसचं, मूठ माद्रिदची.

स्पॅनिशमध्येही हे आधीपासून असं नव्हतं. मध्ययुगात ताब्यासाठी ‘आबेर’ही, म्हणजे ‘हाबेरे’ची स्पॅनिश लेक, सर्रास वापरत. ‘तेनेर’ने हळूहळू त्याला मागे सारलं. हुआन दे वाल्देस या स्पॅनिश लेखकाने १५३५ च्या सुमारास नेपल्समध्ये बसून आपल्या भाषेविषयी लिहिताना नोंदवलं आहे, की ‘तेनेर’च्या जागी ‘आबेर’ वापरणं ही जुनी पद्धत झाली. आज ‘आबेर’कडे दोनच मोठी कामं उरली आहेत: सहायक क्रियापद होणं, आणि ‘आय’ या रूपात ‘काहीतरी आहे’ असं सांगणं. हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला अजून ‘आबेर’ लिहितात, तेवढी जुन्या मालकीची खूण.

‘मला जायचंय’ म्हणजे नक्की काय?

मराठीतून स्पॅनिश लिहिताना होणारी ही सगळ्यात सूक्ष्म चूक, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शिकेत ती सहसा सापडणार नाही, कारण ती आपल्या भाषेच्या घडणीतून येते.

‘मला जायचंय’ हे वाक्य मराठीत इच्छा सांगतं आणि बांधिलकीही सांगतं. ‘मला एकदा लिस्बनला जायचंय’ ही इच्छा. ‘मला साडेपाचला डॉक्टरकडे जायचंय’ हे ठरलेलं काम. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘क्येरो इर’ आणि दुसऱ्याला ‘तेंगो के इर’ लागतं. मुलं दोन्हींना एकच भाषांतर लावतात, बहुधा ‘क्येरो’, आणि मग दातांच्या डॉक्टरकडे जायची त्यांना भलतीच हौस असल्यासारखं वाटतं. उपाय सोपा आहे: लिहिण्याआधी मराठी वाक्य बदलून बघा. ‘जावं लागणार आहे’ असं म्हणता आलं, तर ‘तेंगो के’. ‘जावंसं वाटतं’ म्हणता आलं, तर ‘क्येरो’.

भूतकाळात मात्र मराठी आपल्याला इतकी मदत करते, की इतर विद्यार्थ्यांना आपला हेवा वाटावा. ‘तूबे के इर’ आणि ‘तेनीआ के इर’ यांतला फरक समजावताना पाठ्यपुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. मराठीत तो दोन शब्दांत उभा आहे. ‘जावं लागलं’ म्हणजे ‘तूबे के इर’: गेलो, काम झालं. ‘जायचं होतं’ म्हणजे ‘तेनीआ के इर’: ठरलं होतं, गेलो की नाही ते वाक्य सांगत नाही. तसंच ‘मला मुलगी झाली’ हे ‘तूबे उना इहा’, आणि ‘मला एक मुलगी होती’ हे ‘तेनीआ उना इहा’. ‘झाली’ आणि ‘होती’ यांची गल्लत मराठीत तुम्ही आयुष्यात केली नसेल. तोच कान इथे लावा. पोर्तुगीजच्या ‘तीव’ आणि ‘तीन्या’लाही हेच लागू.

‘करून ठेवलं’ आणि ‘केलं’

‘ए एचो ला तारेआ’ म्हणजे मी गृहपाठ केला आहे. हे ‘ए’ म्हणजे ‘आबेर’चं रूप. ‘तेंगो एचो’ असं लिहिणाऱ्यांना वाटतं, की ‘तेनेर’ म्हणजे इंग्रजीचं ‘हॅव’, तेव्हा ते इथेही चालेल. स्पॅनिशमध्ये सहायक म्हणून ते चालत नाही.

पण ‘तेंगो एचा ला तारेआ’ हे वाक्य मात्र अगदी शुद्ध आहे, आणि त्याचा अर्थ ‘गृहपाठ करून ठेवला आहे’. ‘पत्रं लिहून ठेवली आहेत’ ला ‘तेंगो एस्क्रीतास लास कार्तास’. आपलं ‘ठेवणे’ जे काम करतं, तेच इथे ‘तेनेर’ करतं: काम झालं, आणि त्याचं फळ हाताशी तयार आहे. शिवाय आपल्याकडे पत्र नपुंसकलिंगी, म्हणून ‘ठेवली’, चिठ्ठी असती तर ‘ठेवल्या’. तसंच स्पॅनिशमध्येही कृदंत कर्माच्या लिंगवचनाला जुळतं. ‘आबेर’बरोबर ते कधीच जुळत नाही, ‘एचो’ हे ‘एचो’च राहतं. मराठी माणसाने हा फरक व्याकरणाच्या तक्त्यातून शिकायची गरज नाही. तो आधीच आपल्या जिभेवर आहे.

पोर्तुगीजमध्ये मूठ पूर्ण उघडली. तिथे ‘तेर’ हेच सहायक. पण स्पॅनिशवरून उडी मारणारे इथे हमखास पडतात. स्पॅनिशचं ‘ए आब्लादो’ म्हणजे ‘मी बोललो आहे’. त्याचं शब्दशः पोर्तुगीज ‘तेन्यु फलादु’. अर्थ मात्र ‘हल्ली मी वरचेवर बोलतो आहे’. ‘मी त्याच्याशी बोललो आहे’ एवढंच सांगायचं असेल, तर साधा भूतकाळ ‘फलेय’ पुरतो. नोकरीच्या अर्जात ‘मी ही पदवी घेतली आहे’ म्हणताना ‘तेन्यु’ लावलंत, तर ती पदवी तुम्ही पुन्हा पुन्हा घेत सुटल्यासारखं वाचलं जाईल.

आय, आ आणि तेंय

‘इथे एक दुकान आहे’. स्पॅनिशमध्ये ‘आय’. फ्रेंचमध्ये ‘इल या’, तेही ‘हाबेरे’चंच. पोर्तुगालच्या पोर्तुगीजमध्ये ‘आ’. ब्राझीलच्या रोजच्या बोलण्यात मात्र ‘तेंय’, म्हणजे ‘तेर’चं रूप.

गोव्यात पोर्तुगीज शिकणाऱ्यांना हा घोटाळा फार जवळचा आहे. वर्गात लिस्बनचा नमुना, आणि मोबाइलवर ब्राझीलच्या मालिका आणि गाणी. कानात ‘तेंय’ मुरतं आणि वहीत उतरतं. ब्राझीलमध्ये ती चूक नाही, कोट्यवधी लोक तसंच बोलतात. पण पोर्तुगालच्या प्रमाणभाषेत परीक्षा देताना ‘आ’ लिहा. आणि ब्राझीलचं ‘तेंय’ उचलून स्पॅनिशमध्ये ‘त्येने’ करू नका. ‘त्येने मूचा हेंते आकी’ ऐकलं, तर स्पॅनिश माणूस विचारील, कुणाकडे आहेत इतकी माणसं?

लिहिताना एक बारीक गोष्ट: पोर्तुगीजमध्ये ‘त्याच्याकडे आहे’ आणि ‘त्यांच्याकडे आहे’ यांच्या स्पेलिंगमध्ये फक्त स्वरावरच्या टोपीचा फरक. अनेकवचनाला टोपी हवी. ब्राझीलमध्ये दोन्हींचा उच्चार सारखाच, म्हणून कान इथे मदत करत नाही.

जोडक्रियापदं

‘तेनेरे’ला उपसर्ग लावून लॅटिनने मोठं गोत तयार केलं. स्पॅनिशमध्ये ‘ओब्तेनेर’, ‘देतेनेर’, ‘मांतेनेर’, ‘कोंतेनेर’ ही सगळी आईसारखीच चालतात. ‘तूबो’ तसं ‘देतूबो’, ‘मांतूबो’. ‘देतेन्यो’ असं काही नसतं. ‘पेर्तेनेसेर’ म्हणजे मालकीचं असणे, हे मात्र या रांगेतलं नाही. त्याचं ‘पेर्तेनेस्को’ होतं, ‘पेर्तेंगो’ नाही.

अर्थाचे सापळेही आहेत. स्पॅनिशचं ‘एंत्रेतेनेर’ म्हणजे रमवणे. फ्रेंचचं ‘आंत्रतनीर’ म्हणजे निगा राखणे, आणि त्याचं नाम ‘आंत्रत्यँ’ म्हणजे देखभाल किंवा मुलाखत. फ्रेंच कंपनीने ‘आंत्रत्यँ’ला बोलावलं, तर करमणुकीची तयारी करून जाऊ नका. स्पॅनिश पोलीस ‘देतेनेर’ करतात तेव्हा अटक होते. फ्रेंचमध्ये ‘देतनीर’ एखादा विक्रम किंवा गुपितही करता येतं, म्हणजे ते आपल्यापाशी असतं.

आपण मराठीत रोज या गोतातले शब्द वापरतो, हे लक्षात आलं की पाठांतर हलकं होतं. सोसायटीचा मेन्टेनन्स म्हणजे मुळात ‘हातात धरून ठेवणं’, लॅटिन ‘मानुस’ म्हणजे हात. त्याच जोडीतून फ्रेंचचं ‘मँतनां’ आलं, आणि त्याचा अर्थ झाला ‘आत्ता’: जे या क्षणी हातात आहे ते. लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याची जागा धरणारा. कंटेनर तर उघडच आहे. आणि टेनिसचं नाव फ्रेंच ‘तने!’ म्हणजे ‘घ्या, धरा!’ या हाकेवरून आलं, असं सर्वसाधारणपणे मानतात.

एस्पेरांतो आणि तिच्या बहिणी

रचलेल्या भाषा सोप्या असतात, म्हणून इथे चूक होणार नाही, असं समजणारे इथेच चुकतात. झामेनहोफने १८८७ साली वॉर्सात एस्पेरांतो प्रसिद्ध केली. तिच्यात ‘तेनी’ म्हणजे धरणे, राखणे, आणि ‘हावी’ म्हणजे जवळ असणे. ‘मी तेनास ला लिब्रोन’, पुस्तक माझ्या हातात आहे. ‘मी हावास ला लिब्रोन’, पुस्तक माझ्याकडे आहे, भले ते कपाटात असो. स्पॅनिशच्या सवयीने ‘मी तेनास दु फ्रातोय्न’ लिहिलंत, तर पुन्हा तेच, भावांना धरून ठेवल्याचं चित्र. ‘मी हावास दु फ्रातोय्न’ म्हणा.

‘हावी’कडे बघून पुष्कळांना वाटतं, की इंग्रजीचं ‘हॅव’, जर्मनचं ‘हाबेन’ आणि लॅटिनचं ‘हाबेरे’ एकाच मुळाची. दिसतात तशी, पण नाहीत. ‘हॅव’ आणि ‘हाबेन’ यांचं नातं लॅटिनच्या ‘कापेरे’ म्हणजे पकडणे याच्याशी आहे. ‘हाबेरे’ वेगळ्या घरचं. व्युत्पत्ती सांगणाऱ्या पोस्टमध्ये ही चूक वारंवार दिसते.

भूक सांगताना एस्पेरांतोत काही धरावं लागत नाही आणि काही जवळ असावंही लागत नाही. भुकेचंच क्रियापद होतं: ‘मी मालसातास’. बांधिलकीला ‘मी देवास इरी’. स्पॅनिश किंवा इंग्रजीवरून ‘मी हावास इरी’ करू नका. आणि वयासाठी ‘मी एस्तास दुदेकयारा’, शब्दाला शब्द लावला तर ‘मी वीसवर्षीय आहे’. स्पॅनिशमध्ये जी मराठी सवय मोडायला लावली, ती इथे परत वापरता येते. ‘आत सामावून घेणे’ या अर्थाने स्पॅनिशचं ‘कोंतेनेर’ मनात असेल, तरी रूढ शब्द ‘एनहावी’. ‘तेनीलो’ म्हणजे धरायचं साधन, मूठ किंवा दांडा. ‘मी तेनीस’ म्हणजे मी धरलं होतं. खेळाला ‘तेनीसो’ म्हणतात.

एस्पेरांतोतच बदल करून रचलेल्या १९०७ च्या इडो या भाषेमध्येही हीच वाटणी: धरण्याला ‘तेनार’, जवळ असण्याला ‘हावार’.

खरा सापळा १९५१ मध्ये कोश प्रसिद्ध झालेल्या इंटरलिंग्वा या रचलेल्या भाषेचा. तिचं ‘तेनेर’ स्पॅनिश ‘तेनेर’सारखंच लिहिलं जातं. स्पॅनिश येणारा माणूस इंटरलिंग्वाचं पान शिकल्याशिवाय वाचू शकतो, आणि तिथेच गाफील राहतो. इंटरलिंग्वात ‘इओ तेने ले लिब्रो’ म्हणजे पुस्तक धरलं आहे. ‘इओ हा दुओ फ्रात्रेस’ म्हणजे दोन भाऊ आहेत. ही भाषा इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश-पोर्तुगीज यांच्या सामाईक शब्दांवर उभी आहे. स्पॅनिश-पोर्तुगीजची जोडी तिथे मिळून एकच घटक धरलेली. मूठ पूर्ण उघडली ती त्याच घटकात. फ्रेंच, इटालियनकडे ती मिटलेलीच, आणि लॅटिनही त्यांच्याच बाजूला. मिटलेलीच राहिली, यात नवल नाही.

अडलं तर हे करून बघा

कुणाच्या हातात पिशवी देताना आपण ‘हं, धर’ म्हणतो. या भाषांमध्येही तसंच म्हणतात: स्पॅनिशमध्ये ‘तेन’, इटालियनमध्ये ‘त्येनी’, फ्रेंचमध्ये ‘त्यँ’, रुमानियनमध्ये ‘त्सिने’. आज्ञार्थात मूळ अर्थ जवळजवळ सगळीकडे शिल्लक आहे. (स्पॅनिशचं ‘तेन’ लक्षात ठेवा, तिथे ‘त्येने’ लागत नाही.) त्यामुळे नवी भाषा घेतलीत, तर तिच्यातल्या ‘तेनेरे’च्या लेकीला दोन वाक्यं विचारा.

पहिलं: पुस्तक माझ्या हातात आहे, पण माझं नाही.
दुसरं: पुस्तक माझं आहे, पण ते घरी आहे.

पहिलं वाक्य बहुतेक सगळ्या जणी घेतील. दुसरं स्पॅनिश, पोर्तुगीज, कातालान आणि नापोलीची बोली घेईल. फ्रेंच, प्रमाण इटालियन, रुमानियन, एस्पेरांतो, इडो आणि इंटरलिंग्वा ते ‘हाबेरे’च्या बाजूच्या क्रियापदाकडे सोपवतील. वहीच्या पहिल्या पानावर ही दोन वाक्यं लिहून शेजारी त्या त्या भाषेतलं उत्तर भरून ठेवा. स्पॅनिश वाल्यांनी हेच वाक्य आधी भाषांतरित करावं: ‘उत्तर भरून ठेवलं आहे’. ‘तेंगो’ तिथे लागेल, आणि कृदंत ‘ला रेस्पुएस्ता’च्या स्त्रीलिंगाला जुळवावं लागेल.